रिकामी जागा

लढाई संपून ऐंशी वर्षे झाली, पण आमच्या वऱ्हाडात ती अजून बोलण्यातून गेलेली नाही. रेशनच्या दुकानाला आमच्याकडे 'कंट्रोल' म्हणतात. महिन्याचे गहू-तांदूळ 'कंट्रोला'तून आणायचे असतात, आणि ते आणायला जाणाऱ्या म्हातारीला या शब्दाचा जन्म कुठला, हे ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धात धान्यावर, कापडावर, रॉकेलवर सरकारी नियंत्रण आले, त्या वेळचा हा शब्द. सैन्ये घरी गेली, सरकार बदलले, शब्द मात्र पिशवी घेऊन रांगेत उभा राहिला तो राहिलाच.

त्या लढाईने माणसांच्या ताटातले काय काय नेले, हे पुष्कळांनी लिहिले आहे. तिने पोरांच्या पायातला चेंडू नेला, त्याबद्दल मी लिहिणार आहे. दिवाळीच्या दिवसांत लढाईच्या गोष्टी कशाला, असे कुणी गृहिणी म्हणेल. पण काही घरांत नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावतात आणि मगच फराळाला बसतात. हा लेखही तेवढाच कडू समजावा.

मी शाळामास्तर. रात्री कंदिलाऐवजी विजेच्या दिव्याखाली कादंबऱ्या लिहितो. मॅट्रिकच्या पुढे माझी पाटी गेली नाही, त्यामुळे कॉलेजचे मैदान मी कुंपणाबाहेरूनच पाहिले. आमचे गाव मुकुटबन, जिल्हा यवतमाळ. पूर्वी वणी तालुक्यात होते, आता झरी-जामणी तालुक्यात आहे. दक्षिणेला पैनगंगा, लढाईच्या काळात तिच्या पलीकडचे आदिलाबाद निजामाच्या राज्यात होते, आता तेलंगणात आहे. आमच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी अशा चार भाषांत भाव होतो. जमीन काळी, पीक कापसाचे, आणि रस्त्यावर आता सिमेंटचे ट्रक.

अशा जमिनीवर फुटबॉल खेळणे म्हणजे काय, हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला सांगितले पाहिजे. शाळांचे सामने येतात नेमके पावसाळ्यात. काळी माती भिजली की पायाला धरते आणि सोडत नाही. दहा पावले धावले की पायाला शेर-दोन शेर माती लागते. चेंडू एका जागी रुतला की दोन्हीकडची पोरे त्याच्याभोवती जमतात, आणि विहिरीत पडलेली बादली काढावी तसा तो काढतात. शिक्षकांत शिट्टी वाजवायला दुसरे कुणी तयार होईना, म्हणून ती माझ्या गळ्यात आली. तिला आता बरीच वर्षे झाली.

यंदा आषाढात या शिट्टीने मला एका प्रश्नापुढे उभे केले. आमच्या संघातला बॅक, नववीतला पोरगा, त्याचा बाप गेला. डवरणीचे दिवस होते. पऱ्हाटीत त्याला पान लागले. आमच्याकडे सापाचे नाव घेत नाहीत, पान लागले असे म्हणतात. वणीला नेईपर्यंत सगळे संपले होते. आणि आमचा सामना बाराव्या दिवशी होता. तेरवीच्या आदल्या दिवशी.

शाळेत दोन पक्ष पडले. संघातल्या पोराचा बाप जातो आणि तुम्ही चेंडू खेळता, हे शोभते का, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, दहा पोरांनी वर्षभर चिखल तुडवला, त्यांचा काय दोष? दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि अशा वेळी मला माणसांपेक्षा जुन्या गोष्टी बऱ्या वाटतात. त्या भांडत नाहीत.

हाच प्रश्न आमच्या शेजारी, वर्ध्याला, एकदा फार मोठ्या माणसाला विचारला गेला होता. १९४० सालचा डिसेंबर. युरोपात लढाई पेटलेली, इकडे वैयक्तिक सत्याग्रह चालू, पुढारी तुरुंगात. मुंबईत पंचरंगी क्रिकेट सामने भरायचे होते. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा एक, असे पाच संघ. हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींचे मत घ्यायला आली. गांधीजींनी सांगितले की, विचारी जगाने सुतकात असावे अशा या काळात असली करमणूक त्यांना रुचत नाही. आणि त्याला जोडून दुसरी गोष्ट सांगितली. कॉलेजा-कॉलेजांचे, संस्था-संस्थांचे सामने आपण समजू शकतो. धर्माधर्मांचे अकरा-अकरा जण कशासाठी, हे आपल्याला कधी कळले नाही. हिंदू जिमखान्याने त्या वर्षी स्पर्धेतून अंग काढून घेतले. पाचांतली एक जागा रिकामी राहिली, आणि त्या रिकाम्या जागेची चर्चा भरलेल्या चार जागांहून अधिक झाली.

जागा रिकामी करणे हीदेखील एक भाषा आहे. आमच्या वणीचे लोकनायक बापूजी अणे १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, तेव्हा पुष्कळांना ते रुचले नव्हते. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास चालू होता आणि सरकार त्यांना सोडत नव्हते. अण्यांनी खुर्ची सोडली. त्यांच्याबरोबर होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांनीही सोडली. खुर्चीत बसून जे बोलता आले नाही, ते खुर्ची रिकामी करून बोलता आले.

पण ही झाली आपण होऊन सोडलेली जागा. बेचाळीस साली आपल्या मुलांच्या जागा ज्या तऱ्हेने रिकाम्या झाल्या, ती तऱ्हा वेगळी. वऱ्हाड-नागपुराकडच्या पोराने मॅट्रिकच्या पुढे शिकायचे म्हणजे अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, नाही तर नागपूरचे मॉरिस किंवा हिस्लॉप. पावसाळ्यात कॉलेजे उघडावीत, मैदानावर संघ निवडावेत, असे ते दिवस. आणि ऑगस्टच्या नऊ तारखेला पुढारी पकडले गेले. मुले वर्गातून जी उठली ती रस्त्यावर आली. सोळा ऑगस्टला आमच्या पूर्वेला चिमूर पेटले, त्याच दिवशी वर्ध्याकडे आष्टी पेटली. सप्टेंबरात नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीला बळी पडले. जानेवारीत नागपूरच्या तुरुंगात शंकर महाले फासावर गेला, नुकते मिसरूड फुटलेला. ही सगळी संघात असण्याच्या वयाची मुले. त्या वर्षी कुणाचा सेंटर फॉरवर्ड तुरुंगात, कुणाचा हाफबॅक भूमिगत. पंचरंगी सामने त्या साली भरलेच नाहीत. संतोष चषकाची फुटबॉल स्पर्धा १९४१ साली सुरू झाली होती, तीही पुढली दोन वर्षे भरली नाही. ड्युरँड चषक १९४० नंतर थांबला तो १९५० सालीच पुन्हा सुरू झाला.

आणि चेंडू तरी कुठून आणायचा? त्या काळचा फुटबॉल म्हणजे बाहेर चामड्याचे कव्हर आणि आत रबराचा ब्लॅडर. फुगवून तोंड बांधायचे आणि वर लेस आवळायची. डोक्याने चेंडू मारताना ही लेस कपाळाला लागली की दिवसभर वळ. १९४२ च्या आरंभी जपानने मलाया घेतला, पाठोपाठ डच ईस्ट इंडीज घेतले. जगाचे बहुतेक रबर तिथून यायचे. जे उरले ते मोटारींच्या आणि विमानांच्या चाकांना. मलायाच्या जंगलात झाडाला चीर पडली नाही, तर इकडे पोराचा चेंडू फुगत नाही, असे जग एकमेकांत गुंतलेले आहे.

मुंबईत रोव्हर्स चषक मात्र चालू राहिला. १९४० साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने तो जिंकला, १९४२ साली बाटा कंपनीच्या संघाने. १९४३ साली विजेत्याचे नाव लागले ते रॉयल एअर फोर्सचे. नुसती नावे वाचली तरी गावात कोण उरले होते आणि कोण येऊन उतरले होते, हे समजते.

विलायतेत तर नाताळातही गंमत झाली. १९३९ च्या सप्टेंबरात लढाई सुरू होताच तिथली मोठी लीग बंद पडली, आणि खेळाडू पलटणीत गेले. मग जवळच्या छावणीतला खेळाडू पाहुणा म्हणून घ्यावा, अशी रीत पडली. १९४० च्या नाताळात ब्रायटनचा संघ नॉर्विचला पोचला तो पाच जणांनिशी. उरलेल्या जागा नॉर्विचच्याच राखीव पोरांनी आणि सामना पाहायला आलेल्या शिपायांनी भरल्या. नॉर्विचने अठरा गोल केले, ब्रायटनने एकही नाही. पण सामना झाला. घरोघर कुणी ना कुणी आघाडीवर असताना लोक दीड तास पोट धरून हसले असतील, तर त्या अठरा गोलांची किंमत झाली.

आता जी गोष्ट सांगतो, ती अमेरिकेतली. तिकडचा फुटबॉल निराळा. नाव पायाचे, पण खेळ बहुतेक हातांचा. कॉलेजांचे संघ तिकडे फार लाडके, आणि त्यांचा मोठा सामना एक जानेवारीला कॅलिफोर्नियात पॅसाडेना गावी होतो. त्याला 'रोझ बोल' म्हणतात. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर बाँब टाकले. पश्चिम किनाऱ्यावर हजारोंनी माणसे एकत्र जमवणे धोक्याचे, म्हणून तो सामना देशाच्या दुसऱ्या टोकाला, ड्यूक विद्यापीठाच्या डरहॅम गावी हलवला. ड्यूकचे मैदान लहान पडले, तर शेजारच्या कॉलेजांकडून बाके उसनी आणली. लग्नघरी गाद्या-सतरंज्या आणतात तशी.

सामना ड्यूक आणि ऑरेगॉन स्टेट यांचा. ऑरेगॉनच्या संघात जॅक योशिहारा नावाचा एक मुलगा होता. जपानात जन्मलेला, पण तिसऱ्या वर्षापासून अमेरिकेत वाढलेला. पर्ल हार्बरनंतर सराव चालू असताना सरकारी गुप्त पोलीस मैदानावर आले आणि त्याला बाजूला घेऊन गेले. त्याला संघाबरोबर प्रवासाची मनाई झाली. आगगाडी देश ओलांडून गेली, हा मागे राहिला. पुढे फेब्रुवारीत हुकूम निघाला, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना, ज्यांत बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक, घरेदारे सोडून छावण्यांत राहावे लागले. योशिहाराही आयडाहोच्या छावणीत गेला. त्याचे कॉलेज सुटले.

ऑरेगॉनने सामना २० विरुद्ध १६ असा जिंकला. जीन ग्रे नावाच्या मुलाने लांबून आलेला चेंडू झेलला आणि त्यावर जय झाला. हा मुलगा पुढे लढाईत विमाने उडवून सुखरूप परतला, आणि नंतर एका विमान-अपघातात त्याचे दोन्ही हात गेले. त्या दिवशी मैदानात असलेल्यांपैकी चौघे लढाईतून परत आले नाहीत. ड्यूकचा चार्ल्स हेन्स इटलीत १९४४ साली जखमी होऊन डोंगरावर पडला होता. त्याला ज्याने खाली आणले तो होता फ्रँक पार्कर, ऑरेगॉनच्या संघातला. एकमेकांना अडवण्यासाठी जे अंगावर धावून गेले, त्यांतल्या एकाने दुसऱ्याला असे उचलले. आणि योशिहारा? त्याच्या कॉलेजने त्याला मानाची पदवी दिली ती २००८ साली. पुढच्याच वर्षी तो वारला. एक जागा सहासष्ट वर्षांनी परत मिळाली, तीही कागदावर.

सामन्याच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात, मी आमच्या पोरांना ही गोष्ट सांगितली. खेळायचे की नाही हे त्यांनीच ठरवावे, असे माझ्या मनात होते. बाहेर पाऊस लागला होता. पोरे गुडघ्याला मिठी मारून बसली होती. त्यांतली काही म्हणाली, आपण दहाच जण उतरू. बॅकची जागा मोकळी ठेवू. नियमाने तसे उतरता येते. फुटबॉलमध्ये सात जण असले तरी सामना सुरू होतो. बोलणे मनाला भिडणारे होते. पण व्हरांड्याच्या टोकाला एक पोरगा गप्प बसला होता. कोलाम पोडावरचा. वर्षभर राखीव. रोज चार मैल चालत येणारा, सरावात सगळ्यांच्या आधी हजर, आणि सामन्याच्या दिवशी पाण्याची कळशी धरून कडेला उभा. जागा मोकळी ठेवली की शोक पाळला जातो खरा, पण तो या पोराच्या पैशाने. हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. त्याने स्वतः तर ते बोलायचेच नव्हते.

त्याने भलतेच विचारले. "गुर्जी, त्या जपान्याच्या जागेवर जो खेळला, त्यानं त्याले इचारलं होतं का जी?"

इतिहासाची पुस्तके अशा प्रश्नांना जागा ठेवत नाहीत. सगळी पोरे माझ्याकडे पाहू लागली. तेवढ्यात तोच उठला, डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आणि पावसात निघाला. कुठे, हे विचारावे लागले नाही.

त्या घरी काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही. एकाची बोली कोलामी, एकाची वऱ्हाडी, आणि दोघेही चौदा-पंधरा वर्षांचे. बोलणे थोडेच झाले असेल. पण परत येताना कोलामाच्या हातात बूट होते. ते बूट आम्ही सगळे ओळखत होतो. बापाने गेल्या हंगामात वणीच्या बाजारात कापूस घातला आणि पोराला ते घेऊन दिले होते. चार-पाच महिने संघात त्यांचीच चर्चा होती. कोलाम पोरगा जन्मभर अनवाणी खेळलेला. मी त्याला म्हणालो, बुटांची सवय नसेल तर राहू दे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकात फ्रान्सविरुद्ध आपला संघ खेळला, त्यात बहुतेक अनवाणीच होते. त्या संघाचा कप्तान तालीमेरेन आओ हा नागा टेकड्यांतला, लढाईच्या दिवसांत कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकत शिकत मोहनबागानकडून खेळलेला. त्यांनी फ्रान्सला काही सोपे जाऊ दिले नाही. दोन पेनल्टी हुकल्या म्हणून २-१ असे हरले. पोरगा ऐकून घेतो आणि म्हणतो, "तसं नाही जी. त्यानं देल्ले आहेत."

बूट त्याला मोठे होत होते. पुढे बोटांशी त्याने कापूस कोंबला. आमच्या गावात त्या कामाला दुसरे काय मिळणार?

सामना आम्ही ३-१ असा हरलो. चिखलात बुटांतली बोटे घसरत होती, तरी पोरगा बॅकला शेवटपर्यंत उभा होता. दुसऱ्या डावात कधी तरी मला दिसले, पलीकडच्या रेषेवर कुणी उभे आहे. डोक्यावर दुपट्टा, खाली मुंडण केलेले डोके. तेरवीचे सामान आणायला त्याला काकाबरोबर पाठवले होते, आणि काकाने गाडी मैदानाशी थांबवली होती. तो ओरडला नाही, हसला नाही. चेंडू बाहेर त्याच्याजवळ गेला तेव्हा त्याने तो हातांनी उचलला, दुपट्ट्याने पुसला आणि थ्रो घ्यायला आलेल्या कोलाम पोराच्या हातात दिला.

शिट्टी वाजल्यावर तो माझ्याजवळ आला. "गुर्जी, माही जागा आता कोनाची जी?"

मी काही बोलायच्या आत कोलाम पोरगा खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. "तुहीच," तो म्हणाला, "मी राखली नुसती." शेताची राखण करतात तशी त्याने ती जागा राखली होती.

वर्ध्याच्या त्या प्रश्नाचा मी पुष्कळ विचार केला. सुतकात खेळावे का? गांधीजींना जे टोचत होते ते खेळणे नव्हते, असे आता मला वाटते. आसपास कोण नाही याचा विसर पाडणारा खेळ त्यांना टोचत होता. म्हणून तर कॉलेजचे सामने त्यांना समजत होते. कॉलेजच्या संघात शेजारच्या खोलीतला मुलगा असतो. तो आला नाही तर का आला नाही, हे अकरा जणांना ठाऊक असते. जागा भरायला हरकत नाही, भरावीच लागते. जग त्याशिवाय चालत नाही. फक्त ज्याची जागा त्याच्या दारी आधी जावे लागते. योशिहाराच्या दारी जायला एका मोठ्या देशाला सहासष्ट वर्षे लागली. आमच्या पोराला एक पावसाळी संध्याकाळ पुरली.

यंदा त्या घरी दिवाळीचे तळण होणार नाही. ज्या घरात वर्षात माणूस गेले, त्या घरात सणाला कढई चुलीवर चढवत नाहीत, आणि म्हणून शेजारपाजारच्यांनी फराळाची ताटे न्यायची, ही आपली रीत. संघातल्या पोरांनी आपापल्या घरी सांगून ठेवले आहे. कुणाकडून चकल्या, कुणाकडून अनारसे, कुणाकडून शेव. एका तेलुगू घरातून अरिसेलू यायच्या आहेत. कोलाम पोडावर अनारसे-चकल्या कुणी करत नाही. तिथून टोपलीभर सीताफळे येणार आहेत, असा निरोप आहे. ताटे वेगवेगळ्या वेळी जाऊन गर्दी होऊ नये, म्हणून सगळ्यांनी धनत्रयोदशीला दिवेलागणीच्या आधी शाळेपाशी जमायचे ठरले आहे. आणि जमल्यावर शिट्टी मी वाजवायची आहे.